गौरीच्या वाटेवरील रानफुले

भाद्रपद उजाडला की घराघरांत गणरायाच्या आगमनाची सिद्धता सुरू होते. मखर, आरास, मोदकांचे सारण, टाळ आणि झांजा यांची आठवण सर्वांनाच असते. परंतु पूजेच्या तबकात जी मूठभर पत्री आणि जे चार रानफुलांचे झुबके येऊन विसावतात, ते कोठून येतात याची चौकशी आताशा फारसे कोणी करीत नाही. बाजारात पानांची जुडी मिळते. ती धुऊन देवापुढे ठेवली की आपले कर्तव्य संपले, असे आपण मानतो. या जुडीत नेमके काय आहे हे सांगू शकणारी माणसे एका घरात किती निघतील, हा प्रश्न आम्ही २०२२ सालच्या चतुर्थीला आमच्याच घरात विचारून पाहिला. मिळालेले उत्तर लिहिण्यास संकोच वाटतो. २१ पत्रींपैकी तुळस, बेल आणि दूर्वा ही तीन नावे सांगून तरुण मंडळी थांबली. आणि त्यांना हे शिकविण्याचे काम ज्यांचे होते, ते आम्हीच होतो.

त्या दिवशी आम्ही मनाशी ठरविले की, गौरी येण्यापूर्वी मुलांना घेऊन गावी जावयाचे आणि ज्या रानातून आमच्या घरची गौर पिढ्यान् पिढ्या येत आली, ते रान त्यांना दाखवावयाचे. त्या रानाची आणि तेथील फुलांची ओळख वाचकांनाही करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

राखलेले रान

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातले. भातखाचरांच्या वर, डोंगराच्या उतारावर जी हलकी, मुरमाड जमीन असते, तिला कोकणात वरकस म्हणतात. तीत काही वर्षे नाचणी आणि वरी घ्यावयाची आणि मग विसाव्यासाठी ती गवताला सोडावयाची, अशी जुनी रीत होती. देशावरही गावोगाव अशी कुरणे राखीत. पहिला पाऊस पडला की या रानात गुरे सोडणे बंद होई. आषाढ, श्रावण, भाद्रपद आणि आश्विन असे चार महिने गवत वाढू द्यावयाचे, दिवाळीच्या आगेमागे विळे लावून ते कापावयाचे, पेंढ्या बांधून गंजी रचावयाची आणि कापलेले रान मग उन्हाळाभर गुरांना मोकळे करावयाचे. वर्षाचा हा क्रम पंचांगासारखा नेमाने चाले.

या क्रमात मोठे शहाणपण साठविलेले आहे, हे आम्हांला फार उशिरा उमगले. पावसाळाभर गुरांचे तोंड लागत नाही, म्हणून रानफुलांना उमलण्यास आणि बी धरण्यास अवधी मिळतो. दिवाळीत विळा फिरतो तोवर बहुतेकांचे बी मातीत पडलेले असते. कापणीमुळे वाळल्या काडाचा थर जमिनीवर साचत नाही. पुढल्या ज्येष्ठात पहिली सर आली की ऊन आणि पाणी थेट मातीपर्यंत पोहोचते आणि बोटभर उंचीची लहान रोपेही डोके वर काढतात. गुरे बारमाही चरली तर फुले खुडली जातात. रान मुळीच न कापता सोडले तर जुन्या गवताखाली ती गुदमरतात. राखणे आणि कापणे या दोहोंच्या मध्ये ही फुले जगत आली आहेत.

आमच्या रानाला एक वृद्ध राखणदार होते. त्यांना आम्ही सारी मुले आबा म्हणत असू. पूजेसाठी फुले नेण्यास त्यांची कधी ना नसे. मात्र त्यांचे नियम कडक असत. चालावयाचे ते बांधावरून. गवत तुडवावयाचे नाही. जेथे एखाद्या फुलाचे एकच रोप असेल, तेथे हात लावावयाचा नाही. जेथे दाटी असेल तेथूनच घ्यावयाचे. आणि नाव सांगितल्यावाचून एकही फूल परडीत पडता कामा नये. हा शेवटचा नियम आम्हांला तेव्हा जाचक वाटे. आज तोच सर्वांत मोलाचा वाटतो.

मृगापासून श्रावणापर्यंत

मृगाच्या सरी पडल्या की रानात सर्वांआधी दिसते ती काळी मुसळी. ताडाच्या कोवळ्या रोपासारखी उभ्या घड्यांची पाने आणि त्यांच्या बुडाशी, अगदी मातीला टेकून उमललेली सहा पाकळ्यांची पिवळी चांदणी, ही तिची खूण. गवत वाढण्यापूर्वीच ती आपले फुलणे उरकून घेते. तिचे सारे बळ जमिनीखालच्या काळसर कंदात असते.

आषाढात आणि श्रावणात आमरी दिसू लागतात. आंब्याच्या खोडावर वाढणाऱ्या आमरी पुष्कळांनी पाहिलेल्या असतात; परंतु या भुईतून उगवणाऱ्या आमरी निराळ्या. एका सरळ दांड्यावर पांढरी फुले लागतात आणि प्रत्येक फुलाच्या मागे मधाची एक बारीक नळी शेपटीसारखी लोंबते. त्यांतील एका जातीची फुले दांड्याच्या एकाच बाजूला ओळीने लागतात, म्हणून दात घासण्याच्या ब्रशाची उपमा तिला मिळाली आहे. आमरीचे बी धुळीएवढे सूक्ष्म असते. त्याच्या पोटी अन्नाचा साठा नसतो. मातीतील विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. म्हणून आमरी उपटून कुंडीत लावली तर बहुधा मरते, आणि जेथून उपटली तेथेही मागे काही उरत नाही. आबा आमरीला हात लावू देत नसत. त्यांना बुरशीचे शास्त्र ठाऊक नव्हते. ‘ही दिलेल्या जागीच राहते,’ एवढे ते जाणत होते.

श्रावणात बांधाच्या ओलीत केना निळा होतो. घडी घातलेल्या होडीसारख्या हिरव्या पानातून त्याचे फूल डोकावते. दोन पाकळ्या मोठ्या, तिसरी लहान. सकाळी उमलते आणि दुपार कलण्यापूर्वी मिटून जाते. ज्यांना केन्याच्या पानांची भजी ठाऊक आहेत, त्यांनी हे फूलही पाहून ठेवावे. त्याचीच नातलग नभाळी. तिच्या जांभळ्या फुलातील केसरांवर तलम लव असते, त्यामुळे फूल लहानसे गोंड्यासारखे दिसते.

कातळ उघडा पडलेल्या जागी, जेथे पाण्याचा पातळ पापुद्रा सतत वाहत असतो, तेथे श्रावण-भाद्रपदात निळसर जांभळी छटा पसरते. ती सीतेची आसवे. वनवासातील जानकीचे अश्रू जेथे पडले तेथे ही फुले उमलली, अशी लोकांची श्रद्धा. आजचे शास्त्र या रोपाची आणखी एक नवलाची गोष्ट सांगते. याला खरी मुळे नसतात. पाण्यात आणि चिखलात पसरलेल्या धाग्यांवर सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांत अडकलेल्या बारीक जीवांवर ते आपले पोषण करते. कातळावरच्या निकस मातीत जे अन्न मिळत नाही, ते असे मिळविले जाते. त्याच ओलीत पांढऱ्या गुंडीसारखी फुले आखूड काड्यांवर उभी असतात, तो गेंद.

पत्रीतील पाच

आता पत्रीकडे वळू. गणेशाच्या २१ पत्रींत शमी, अर्जुन, पिंपळ, बेल, बोर, डाळिंब आणि अगस्ती ही झाडे आहेत. जाई, मरवा, तुळस या अंगणातल्या. देवदार तर हिमालयातला. परंतु दूर्वा, माका, आघाडा, विष्णुक्रांता आणि डोरली ही पाच गवताच्या रानातली, त्याच्या बांधावरची आणि पायवाटेवरची. यांतच सर्वाधिक गफलत होते.

दूर्वा सर्वांना ठाऊक आहे, असे आपण समजतो. आणि तरीही जुडीत दुसऱ्याच गवताची पाती येतात. खरी दूर्वा जमिनीलगत धावते आणि पेरापेराशी मुळे सोडते. तिला तुरा आला की एकाच बिंदूतून तीन ते पाच बारीक बोटे फुटलेली दिसतात. पूजेला मात्र तुरा न आलेले कोवळे, विषम पात्यांचे अंकुर घेतात. उंच गवतात दूर्वा शोधू नये. तिला ऊन लागते आणि थोडे तुडविणेही ती सोसते, म्हणून ती सापडते पायवाटेवर आणि बांधाच्या माथ्यावर.

आघाडा आणि कुर्डू यांची गल्लत मुले हमखास करतात, कारण दोघांनाही लांब कणीस येते. आघाड्याची पाने समोरासमोर जोडीने लागतात. त्याची फळे दांड्यावर खाली तोंड करून असतात आणि जाता-येता धोतराला, परकराला चिकटतात. कुर्डूची पाने एकाआड एक असतात आणि त्याचे कणीस टोकाला गुलाबी, खाली रुपेरी असे झळकते. कुर्डूच्या कोवळ्या पानांची भाजी होते. पत्रीत मात्र मान आघाड्याचा.

माका ओल्या जागी सापडतो. पाने खरखरीत, समोरासमोर; फूल लहान, पांढरे, गोल. खूण पटवावयाची असेल तर पान बोटांत चुरडावे. थोड्याच वेळात रस काळा पडतो. केसांच्या तेलात माका घालतात तो हाच. बागेत जमीन झाकण्यासाठी लावतात ती पिवळ्या फुलांची वेल म्हणजे माका नव्हे. तसेच लांब दांड्यावर एकेक फूल धरणारी एकदांडी हीदेखील माका नव्हे. ती अमेरिकेतून आलेली पाहुणी आहे आणि आता सर्वत्र पसरली आहे.

विष्णुक्रांता फार लहान. जमिनीवर पसरलेल्या बारीक फांद्या, त्यांवर रेशमी लव असलेली पाने आणि नखाएवढे, आकाशाच्या रंगाचे गोल फूल. वाकून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही. शंखपुष्पी हे नाव काही ठिकाणी हिलाच देतात, तर काही ठिकाणी दुसऱ्याच वनस्पतींना. म्हणून नावापेक्षा खुणेवर विसंबावे. डोरली मात्र स्वतःच आपली खूण पटवून देते. वांग्यासारखी जांभळट फुले, पिकल्यावर पिवळी-केशरी होणारी लहान गोल फळे आणि अंगभर काटे. तिचे पान खुडताना मुलांनी घाई करू नये.

तेरडा

भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर गौर येते, ज्येष्ठेवर तिचे पूजन होते आणि मूळ नक्षत्रावर तिची पाठवणी. घराघराची रीत निराळी आहे. कोठे मुखवटे, कोठे खडे, कोठे कलश. आमच्या घरी आणि कोकणातील असंख्य घरी ती येते तेरड्याच्या रूपाने. पाणवठ्याकाठून वा गवताच्या रानातून सुवासिनी आणि मुली तेरड्याची रोपे मुळांसह आणतात. ती मुळे म्हणजे गौरीची पावले. उंबरठ्यावर त्यांवर पाणी घालून, कुंकू लावून तिला आत घेतात आणि पहिल्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवितात. माहेरवाशिणीला प्रवासाच्या शिणानंतर साधेच जेवण रुचते, असे आमची आजी म्हणे.

तेरड्याची ओळख पटविणे सोपे. रसरशीत, किंचित पारदर्शक खोड. कडेला दाते असलेली लांबट पाने. गुलाबी वा जांभळट फूल आणि त्याच्या मागे बाकदार नळी. शेंग पिकली की नुसत्या स्पर्शाने तडकते, तिच्या फाका गुंडाळल्या जातात आणि बी दूर उडते. १७५३ साली स्वीडनच्या लिनियसने या रोपाला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा त्याच्या वर्गाचे नाव ‘इम्पेशन्स’ म्हणजे ‘अधीर’ असेच होते. आपल्याकडे तेरड्याचा रंग तीन दिवस अशी म्हण आहे आणि ती सहसा टोमण्यासाठी वापरतात. परंतु गौरही तीनच दिवस राहते, हे ध्यानी घेतले की या म्हणीतला टोमणा गळून पडतो.

तेरडा एकाच पावसाळ्याचा धनी. बी पडले तर पुढच्या वर्षी आहे, न पडले तर नाही. मुळासकट उपटलेल्या रोपाचे बी रानात पडणार कसे? आबांनी यावर तोड काढली होती. ज्या जागी तेरड्याची दाटी आहे तेथूनच रोपे घ्यावयाची आणि उपटण्यापूर्वी त्यांवरच्या पिकल्या शेंगा त्याच मातीवर तडकवावयाच्या. आम्हां मुलांना हे काम फार आवडे. ‘गौरीला न्यायचे, तर तिच्या घरी काही ठेवून जावे,’ असे ते म्हणत. आजी ज्या परडीत गौर आणी, तिच्या तळाशी उरलेले बीही विसर्जनाच्या दिवशी बांधावर टाकले जाई.

कळलावीचा धडा

नाव सांगितल्यावाचून फूल परडीत घालू नये, हा नियम आबांनी का केला होता, ते आम्हांला एका चतुर्थीच्या आदल्या दिवशी कळले. गणपतीच्या मूर्तीवर आमच्याकडे लाकडी चौकट टांगून तिला रानातील फळाफुलांनी सजवितात. कोकणात तिला माटी वा माटवी म्हणतात आणि गोव्यात माटोळी. नारळ, सुपारीचे घोस, कवंडळाची लाल फळे, कांगणीचे झुबके आणि कळलावीची फुले तिला बांधतात.

कळलावीसारखे देखणे फूल रानात दुसरे नाही. सहा नागमोडी पाकळ्या वर वळलेल्या. आधी पिवळसर हिरव्या, मग केशरी, मग निखाऱ्यासारख्या लाल. म्हणून तिला अग्निशिखा म्हणतात. काही गावांत गौरीचे हात असेही म्हणतात. तिची अचूक खूण फुलात नसून पानात आहे. पानाचे टोक लांबून तारेसारखे वेटोळे घेते आणि त्या वेटोळ्यानेच ती शेजारच्या झुडपाला धरून चढते. तिचा कंद नांगराच्या आकाराचा असतो, म्हणून संस्कृतात ती लांगली.

त्या वर्षी माटवीसाठी फुले आणावयास आम्ही भावंडे गेलो आणि आमच्या धाकट्या चुलतभावाने एक वेल मुळापासून ओढून काढली. कंद हाती लागला. घरी आल्यावर त्याने तो कणगी समजून, कोणास न सांगता, चुलीच्या निखाऱ्यांत भाजावयास पुरला. आजी मोदकांच्या उकडीसाठी आधण ठेवावयास आली. चुलीपाशी पडलेला वेलाचा तुकडा तिने उचलला, पानाच्या टोकाचे वेटोळे पाहिले आणि काही न बोलता चिमट्याने निखारे उपसले. कंद बाहेर काढून तिने तो परसात खोल पुरला आणि मग भावाला जवळ घेऊन त्याची बोटे, ओठ, जीभ पाहिली. त्याने चावा घेतलेला नव्हता. तोवर आजी थरथरत होती.

कळलावीच्या सर्वांगात, आणि कंदात विशेषतः, कोल्चिसीन नावाचे तीव्र विष असते. ते पोटात गेले तर मृत्यूही ओढवतो. भाजल्याने वा उकडल्याने ते जाईल, असे मानणे जिवावर बेतणारे आहे. म्हणून आमची कळकळीची विनंती आहे की, माटवीला कळलावी बांधावयाची असेल तर मोठ्या माणसाने बांधावी, फूल तेवढेच घ्यावे, कंदास हात लावू नये, फुले नैवेद्याच्या ताटापासून दूर ठेवावी आणि हात स्वच्छ धुवावे. कंद न काढल्याने दुसराही लाभ आहे: पुढच्या वर्षी वेल पुन्हा त्याच जागी येते. औषधी बाजारासाठी कंद उकरल्याने पुष्कळ ठिकाणी ती विरळ झाली आहे.

त्या रात्री आजीने आम्हां सर्वांना ओळीने बसवून एकेका पानाचे नाव विचारले. तेव्हापासून आमच्या घरी चतुर्थीच्या आदल्या रात्री पत्री निवडण्यापूर्वी प्रत्येक पानाचे नाव मोठ्याने घेण्याची प्रथा पडली. आजी गेली आणि आम्ही शहरात आलो. ती प्रथा केव्हा सुटली, ते आम्हांलाही आठवत नाही.

नवरात्रापासून कापणीपर्यंत

गौरी-गणपती गेले की रानाचा रंग पालटतो. कवळ्याची पिवळी फुले आता भरात येतात. वाटाण्याच्या फुलासारखी त्यांची ठेवण असते. काही जातींत वरच्या पाकळीवर तांबडे दोन ठिपके असतात, त्यामुळे फूल आपल्याकडे पाहते आहे असे वाटते. कवळ्याच्या पाल्याची कोकणात भाजी करतात. तो शेंगवर्गातला असल्याने त्याच्या मुळांवरच्या गाठींतील जीवाणू हवेतील नत्र मातीत आणतात. म्हणजे गवताला खत देणारे फूलही गवतातच वाढते, आणि ज्या गंजीत कवळ्याचा पाला मिसळलेला असतो तिचा चारा अधिक पौष्टिक होतो.

घाटमाथ्यावर या दिवसांत सोनकीचे पिवळे गालिचे पसरतात. साताऱ्याजवळच्या कासच्या पठाराचे नाव आज सर्वतोमुखी आहे. २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत ते आहे. नवरात्राच्या घटावर पुष्कळ घरी कारळ्याच्या पिवळ्या फुलांची माळ चढते. सोनकी आणि कारळा दिसावयास सारखे, परंतु कारळा हे पेरलेले पीक, त्याच्या बियांचे तेल निघते. सोनकी ही रानची. माळेसाठी शेतातला कारळा असता रानातली सोनकी ओरबाडण्याचे कारण नाही. तिच्यावर मधमाश्यांचा मोठा पोशिंदा हंगाम अवलंबून असतो.

दसऱ्यानंतर गवत पिकते. पवना, शेडा, मारवेल ही गुरांच्या आवडीची गवते. कुसळी गवताचे कुसळ मात्र गुरांच्या तोंडाला टोचते, म्हणून कुसळ धरण्यापूर्वी ते कापावे असा जाणत्यांचा कटाक्ष असे. हे कुसळ ओले झाले की पीळ सोडते, वाळले की पुन्हा पीळ घेते आणि असे फिरत फिरत आपले बी मातीत रुतविते. गवताचा कस टिकावा म्हणून फार उशीर करावयाचा नाही, आणि फुलांचे बी पडावे म्हणून फार घाईही करावयाची नाही, असा तो मुहूर्त असे. आबा तो पंचांगात पाहत नसत. तेरड्याची शेवटची शेंग फुटली आणि कुर्डूचे कणीस भुरभुरू लागले की, ‘आता विळे पाजळा,’ असे सांगत.

पुन्हा त्याच रानात

२०२२ च्या भाद्रपदात मुलांना घेऊन आम्ही त्या रानाशी पोहोचलो, तेव्हा आम्हांला ते ओळखता आले नाही. गोठा कधीच रिकामा झालेला. गुरे नाहीत, म्हणून गवत नको. गवत नको, म्हणून राखण नाही आणि कापणीही नाही. कित्येक वर्षांच्या वाळल्या काडाचा थर पायाखाली दबत होता. त्यावर रानमोडी पुरुषभर उंच माजली होती. एकदा वणवाही येऊन गेला होता. ज्या जागी तेरड्याची गुलाबी दाटी असे, तेथे एकही रोप नव्हते. अखेर बांधाच्या कडेला, जेथून गावकरी पाण्याला ये-जा करतात, तेथे सात-आठ रोपे दिसली. धाकटी नात उपटावयास पुढे झाली, आणि आबांचा नियम आमच्या तोंडून आपोआप निघाला: जेथे दाटी नाही, तेथे हात लावावयाचा नाही.

मग गौर कशी आणावयाची? घरात दोन मते झाली. कुळाचार मोडू नये, दोनच रोपे घ्यावी, असे वडीलधाऱ्यांतील काहींचे म्हणणे होते. शेवटी आमच्या वहिनींनी निर्णय दिला. तेरड्याचे एकच फूल खुडून, शेजारच्या परसातून आणलेल्या हळदीच्या पानांत ते ठेवले आणि उंबरठ्यावर त्यावरच पाणी घातले. ‘पावले रानातच राहू देत, ती पुढच्या वर्षी चालत येतील,’ असे त्या म्हणाल्या. त्या वर्षीची गौर तशीच बसली. कोणाचे मन पूर्ण समाधान पावले, असे आम्ही म्हणणार नाही.

परंतु कार्तिकात चुलतभाऊ कामाला लागले. एके काळी ज्यांनी कंद निखाऱ्यात पुरला होता, तेच. रानमोडी फुलण्यापूर्वी मुळासकट उपटली, काडाचा थर उचलला आणि उरलेले गवत कापून शेजारच्या गावातील गुरे असलेल्या घराला दिले. मोबदला घेतला नाही. पुढल्या वर्षीही त्यांनीच येऊन कापावे, एवढेच मागितले. बांधावरच्या तेरड्याच्या शेंगा मुलांनी मोकळ्या केलेल्या मातीवर तडकविल्या होत्या.

२०२३ च्या श्रावणात त्या जागी कवळा आणि कुर्डू दिसले. पायवाटेवर दूर्वा आणि विष्णुक्रांता होत्याच. तेरड्याची रोपे मोजून चाळीस भरली. आम्ही त्यांतील एकही घेतले नाही. २०२४ च्या भाद्रपदात मात्र उताराचा एक कोपरा पुन्हा गुलाबी झाला, आणि आमच्या घरची गौर दोन वर्षांनंतर मुळांसह, पावलांसह उंबरठ्याशी आली. नातीने शेंगा तडकविल्या, मग रोपे उपटली आणि प्रत्येकाचे नाव घेतले. आमरी मात्र अद्याप परतलेली नाही. ती परतेल की नाही हे आमच्या हाती नाही. दरवर्षी गवत वेळेवर कापणे एवढेच हाती आहे.

ज्यांच्या मागे असे रान आहे, त्यांनी ते राखावे आणि कापावे. स्वतःची गुरे नसतील तर ज्यांची आहेत त्यांना द्यावे. जे शहरात आहेत, त्यांनी एवढे तरी अवश्य करावे की, पत्री विकावयास बसलेल्या मावशींना प्रत्येक पानाचे नाव विचारावे. त्यांना ती ठाऊक असतात आणि विचारणारा भेटला की त्या आनंदाने सांगतात. जे पान ओळखता येत नाही, त्याच्या जागी पूजेत अक्षता वाहण्याची सोय आपल्या परंपरेने ठेवलेलीच आहे. आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री, निवडलेली पत्री पाटावर मांडून, घरातील लहानांना भोवती बसवून एकेक पान हाती द्यावे आणि नाव विचारावे.

आमच्या घरी गेल्या चतुर्थीला नातीने १४ नावे सांगितली. उरलेली सात आम्ही सांगितली, आणि त्यांतील एक आमचे चुकले. ते तिने दुरुस्त केले.